टोकनांपासून पुन्हा सोर्स कोड : सीमाभागातील नवख्या प्रोग्रामरांसाठी मार्गदर्शन

कर्नाटक शासनाने १ नोव्हेंबर २०१४ पासून राज्यातील बारा शहरांची अधिकृत नावे बदलली आणि आपल्या भागातील कार्यालये, पतसंस्था व कारखाने यांच्या जुन्या पायथॉन स्क्रिप्टांमध्ये एक काम निर्माण झाले, जे काही ठिकाणी आजही पूर्ण झालेले नाही. शासकीय नोंदींशी जुळणी करायची तर यादीतील ‘बेळगाव’च्या जागी ‘बेळगावी’, ‘विजापूर’च्या जागी ‘विजयपुरा’ आणि ‘हुबळी’च्या जागी ‘हुब्बळ्ळी’ असे लिहावे लागते. एडिटरमधील ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरली, तर ‘बेळगावकर’ हे आडनाव ‘बेळगावीकर’ होते, व्हेरिएबलांची नावे बदलतात आणि कमेंटमध्ये जपलेला इतिहासही पुसला जातो. अशा कामासाठी कोडचे टोकन पाडून, नेमके हवे तेच टोकन बदलून, त्यांपासून पुन्हा कोडचा मजकूर तयार करणे हा योग्य मार्ग आहे.

कोडपासून टोकनांकडे कसे जायचे, हे कंपायलरच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सविस्तर असते. परतीच्या वाटेविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही आणि अडचणी नेमक्या तिथेच येतात. मी हे काम केले आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी अशा भागांतून मराठी माध्यमात दहावी करून पुढे अभियांत्रिकीला आलेल्या विद्यार्थ्यांना ते करताना अडखळतानाही पाहिले आहे, म्हणून हा क्रम लिहून ठेवत आहे. फंक्शनांची व टोकनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.

१. काय परत हवे आहे, ते आधी ठरवा

टोकन म्हणजे कोडचा सर्वांत लहान अर्थपूर्ण तुकडा. एखादे नाव, एखादी संख्या, अवतरणातील मजकूर, बरोबरचे चिन्ह हे सगळे टोकन आहेत. दोन तुकड्यांमधली रिकामी जागा हे टोकन नाही, आणि परतीच्या वाटेवरील बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

त्यामुळे पहिला प्रश्न असा, की तुम्हांला कोडचा अर्थ परत हवा आहे की त्याचा आकारही? यंत्राने तयार केलेला कोड कोणी वाचणार नसेल, तर तो पूर्वीसारखाच चालला म्हणजे पुरे. मात्र ज्या फाइलवर चार माणसे काम करतात आणि जिचा प्रत्येक बदल गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) तपासला जातो, तिथे मोकळ्या जागाही जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. नाहीतर तीन शब्दांच्या बदलासाठी तीनशे ओळी बदललेल्या दिसतात आणि तपासणाऱ्याला खरा बदल सापडत नाही. माझ्या मते चालू वापरातील कोडसाठी आकार राखणे हाच एकमेव स्वीकारार्ह पर्याय आहे आणि पुढील सर्व पायऱ्या तोच हेतू धरून लिहिल्या आहेत.

२. जवळ काय असावे

• पायथॉन ३, आणि त्याची नेमकी आवृत्ती माहीत असणे. उबंटू २२.०४ सोबत ३.१० येते, तर २४.०४ सोबत ३.१२ येते, या दोहोंतील फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.
• पायथॉनसोबतच येणारे टोकनाइझ (टोकन पाडणारे) आणि एएसटी (कोडची रचना झाडाच्या रूपात दाखवणारे) हे मॉड्यूल. वेगळे काही बसवावे लागत नाही.
• गिट, किंवा निदान मूळ फोल्डरची वेगळ्या जागी ठेवलेली प्रत.
• दोन फाइलींतील फरक दाखवणारे एखादे साधन.
• जुन्या व नव्या नावांची लेखी यादी, शक्यतो ज्या शासकीय नोंदीशी जुळणी करायची त्या नोंदीवरून घेतलेली. शुद्धलेखन आठवणीवर सोडू नये.

३. फाइल बाइट स्वरूपात उघडा

टोकनाइझ मॉड्यूलमध्ये दोन प्रवेशद्वारे आहेत. ‘टोकनाइझ’ हे फंक्शन बाइट घेते, एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) स्वतः ओळखते आणि पहिले टोकन म्हणून तेच एन्कोडिंग देते. ‘जनरेट टोकन्स’ हे फंक्शन आधीच वाचलेला मजकूर घेते आणि एन्कोडिंगचे टोकन देत नाही. परत जोडताना ‘अनटोकनाइझ’ हे फंक्शन पहिल्या टोकनाकडे पाहते : एन्कोडिंग असेल तर बाइट परत देते, नसेल तर मजकूर. नवख्यांनी पहिला मार्ग धरावा. बाइट वाचावेत आणि बाइटच लिहावेत. मजकूर म्हणून फाइल उघडली, की विंडोजवर तयार झालेल्या फाइलीतील ओळींच्या शेवटाच्या खुणा नकळत बदलतात.

येथे दोन सापळे आहेत. विंडोजमधील काही एडिटर यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी बीओएम नावाची तीन बाइटांची खूण ठेवतात. टोकनाइझ ती काढून टाकते आणि अनटोकनाइझ ती परत लावत नाही. ती हवी असेल तर लिहिताना स्वतः जोडावी. दुसरा सापळा जुन्या फाँटचा आहे. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी किंवा नुडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर फाइलीत रोमन व चिन्हांच्या संकेतांतच साठवलेला असतो आणि फक्त तो विशिष्ट फाँट लावल्यावर मराठी किंवा कन्नड दिसतो. अशा फाइलीत ‘बेळगाव’ शोधून सापडणार नाही, आणि तिच्या पहिल्या दोन ओळींत एन्कोडिंगची नोंद नसेल तर बहुधा ती उघडतानाच चूक दाखवली जाईल. अशा फाइली आधी वेगळ्या काढाव्यात आणि त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर हे स्वतंत्र काम समजावे.

४. एका ओळीचे टोकन डोळ्यांखालून घाला

घाई न करता एकच ओळ घ्या. पायथॉन ३ मध्ये नावे देवनागरीत लिहिता येतात, म्हणून पुढील ओळ खरोखर चालते :

शहर = "बेळगाव"  # जुने नाव

प्रत्येक टोकनात पाच गोष्टी असतात : प्रकार, मजकूर, आरंभाची जागा, शेवटाची जागा आणि ती संपूर्ण ओळ. जागा म्हणजे ओळ आणि रकाना यांची जोडी. ओळी १ पासून मोजतात, रकाने ० पासून. त्यानुसार एन्कोडिंगनंतरचे पहिले टोकन ‘शहर’ हे नाव असून ते रकाना ० ते ३ व्यापते. बरोबरचे चिन्ह ४ ते ५. अवतरणचिन्हांसह "बेळगाव" हे ६ ते १४. कमेंट १६ ते २६. त्यानंतर ओळ संपल्याचे न्यूलाइन टोकन आणि शेवटी फाइल संपल्याचे एंडमार्कर.

‘बेळगाव’ला सहा रकाने का लागले, हे समजून घ्या. डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, पण युनिकोडच्या हिशेबात ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना आणि व असे सहा संकेत आहेत. यूटीएफ-८ मध्ये यांतील प्रत्येक संकेत तीन बाइटांचा असतो, म्हणजे बाइट अठरा होतात. टोकनाइझ मॉड्यूल रकाने संकेतांत मोजते. एएसटी मॉड्यूल मात्र ओळीतील स्थान बाइटांत देते. इंग्रजी मजकुरात हे दोन्ही आकडे सारखेच येत असल्याने इंग्रजी उदाहरणांवरून शिकलेल्याला हा फरक कधी जाणवतच नाही. मराठी वा कन्नड मजकूर असलेल्या फाइलीत एकाचे आकडे दुसऱ्याच्या जागी वापरले, तर शब्द मधोमध तुटतो.

आवृत्तीचा प्रश्नही येथेच येतो. ३.११ पर्यंतचे टोकनाइझ मॉड्यूल नावे ओळखताना मात्रा व काना यांना अक्षर मानत नसे. ‘शहर’ला काही होत नाही, कारण त्यात मात्रा नाही, पण ‘नाव’ या व्हेरिएबलचे न, काना आणि व असे तीन तुकडे होतात आणि मधल्या तुकड्याला एररटोकन हा प्रकार मिळतो. प्रोग्राम व्यवस्थित चालत असतानाही हे घडते, म्हणून गोंधळ वाढतो. ३.१२ पासून हे मॉड्यूल पायथॉनच्या मूळ टोकनाइझरवरच चालते आणि ‘नाव’ अखंड राहते. देवनागरी नावे असलेल्या कोडसाठी ३.१२ किंवा पुढची आवृत्तीच वापरावी, असा माझा आग्रह आहे.

५. काहीही न बदलता परत जोडून पाहा

बदलाचा विचार करण्यापूर्वी प्रत्येक फाइलीचे टोकन पाडा, ते जसेच्या तसे अनटोकनाइझला द्या आणि आलेले बाइट मूळ बाइटांशी ताडून पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नंतर कोणता फरक आपल्या बदलामुळे पडला व कोणता परतीच्या वाटेत पडला, हे सांगता येत नाही.

अनटोकनाइझची हमी मर्यादित आहे. परत आलेल्या मजकुराचे पुन्हा टोकन पाडले तर त्यांचे प्रकार व मजकूर पूर्वीसारखेच मिळतील, एवढेच ती सांगते. मोकळ्या जागांबद्दल ती काहीच वचन देत नाही. पाचही गोष्टी असलेले टोकन दिले, तर ते आरंभ व शेवटाच्या आकड्यांवरून मधली जागा मोजते आणि तितके स्पेस भरते. त्यामुळे टोकनांच्या मध्ये टॅब असेल तर त्याच्या जागी स्पेस येतो. ओळ पुढे नेण्यासाठी वापरलेल्या बॅकस्लॅशच्या आधीची मोकळी जागाही काही आवृत्त्यांत नाहीशी होते. ओळीच्या आरंभीचे इंडेंट (डावीकडे सोडलेली जागा) मात्र स्वतंत्र टोकन असल्याने मूळ रूपात राहते.

ज्या फाइली बाइटागणिक तशाच परत आल्या, त्या एका यादीत ठेवा. ज्या आल्या नाहीत, त्यांच्यासाठी आठव्या पायरीतील पद्धत वापरावी लागेल.

६. बदल करताना मजकूर बदला, आकडे नको

हा या सर्व क्रमातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

‘बेळगाव’चे ‘बेळगावी’ केले की अवतरणासह मजकूर आठ संकेतांवरून नऊ संकेतांवर जातो. मजकूर लांबला म्हणून शेवटाचा रकाना १४ ऐवजी १५ करावा, असे कोणालाही स्वाभाविकपणे वाटते. वरच्या ओळीत तसे केले तरी निभावते, कारण कमेंट १६ व्या रकान्यात सुरू होते. फक्त कमेंटआधीची दोन स्पेसांची जागा एकीवर येते. पण शब्दानंतर लगेच स्वल्पविराम किंवा कंस असेल, तर त्याचा आरंभ अजूनही १४ वर असतो, आणि पुढच्या टोकनाचा आरंभ मागच्याच्या शेवटाआधी येतो अशी तक्रार करून अनटोकनाइझ थांबते. मग पुढचे सगळे आकडे सरकवण्याचा खटाटोप सुरू होतो, जो अनावश्यक आहे.

अनटोकनाइझ मजकुराची खरी लांबी मोजत नाही. ते फक्त तुम्ही दिलेला शेवटाचा आकडा आणि पुढच्या टोकनाचा आरंभ यांतील अंतर पाहते. म्हणून टोकनाच्या ‘अंडरस्कोर रिप्लेस’ या मेथडने केवळ मजकूर बदलावा आणि दोन्ही जागांचे आकडे जुनेच ठेवावेत. नवा शब्द कितीही लांब वा आखूड असला, तरी त्याच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागा होत्या तशाच राहतात.

कोणता मजकूर बदलायचा, हे ठरवतानाही सावधगिरी हवी. प्रकार स्ट्रिंग असलेलेच टोकन घ्यावे, म्हणजे नावे व कमेंट आपोआप वगळले जातात. त्या टोकनाच्या मजकुरात अवतरणचिन्हेही असतात, तेव्हा एएसटी मॉड्यूलमधील ‘लिटरल इव्हॅल’ने आतील खरे मूल्य काढावे आणि ते संपूर्ण मूल्य ‘बेळगाव’ असेल तरच बदलावे. शब्दाचा अंश शोधून बदलला तर ‘बेळगावकर’ बिघडतेच. शिवाय तीच स्क्रिप्ट चुकून दुसऱ्यांदा चालवली तर ‘बेळगावी’ला आणखी एक वेलांटी लागते. पत्त्यासारख्या लांब मजकुरात शहराचे नाव मध्येच येत असेल, तर अशा ओळींची वेगळी यादी काढून त्या माणसाने पाहाव्यात. ते काम कंटाळवाणे असले तरी लोकांच्या पत्त्यांच्या बाबतीत त्याला पर्याय नाही.

एफ-स्ट्रिंगचा, म्हणजे ज्या अवतरणाच्या आत महिरपी कंसात व्हेरिएबल लिहिता येते तिचा, प्रकार निराळा आहे. ३.११ पर्यंत संपूर्ण एफ-स्ट्रिंग हे एकच स्ट्रिंग टोकन असे. ३.१२ पासून तिचे आरंभ, मधला भाग व शेवट असे वेगळे टोकन होतात आणि स्ट्रिंग हा प्रकार शोधणारी तुमची अट तिला ओलांडून पुढे जाते. मधल्या भागाचा प्रकारही अटीत घ्यावा. त्याला अवतरणचिन्हे नसतात, हे लक्षात ठेवावे. ज्या एफ-स्ट्रिंगमध्ये दुहेरी महिरपी कंस आहेत, त्या ओळी परत जोडल्यावर अवश्य डोळ्यांनी तपासाव्यात.

७. टोकन काढणे आणि नवे घालणे

टोकन काढून टाकले, की त्याची जागा स्पेसने भरली जाते. कमेंट काढली तर ओळीच्या शेवटी निरुपयोगी स्पेस उरतात. एका ओळीचे सर्व टोकन न्यूलाइनसह काढले, तर अनटोकनाइझला वाटते की मधली ओळ पुढे चालू ठेवलेली होती, आणि तिथे एकटा बॅकस्लॅश असलेली ओळ उमटते. संपूर्ण ओळी काढायच्या असतील तर हे साधन वापरूच नये.

नवे टोकन घालताना अनेक जण फक्त प्रकार व मजकूर अशी दोन गोष्टींची जोडी देतात, कारण आकडे कोणते द्यावेत हे कळत नाही. यादीत अशी एक जोडी आली, की अनटोकनाइझ तिथपासून फाइलीच्या शेवटापर्यंत आकडे पाहणेच सोडते आणि स्वतःच्या ढोबळ नियमाने जागा सोडते : प्रत्येक नाव व संख्येनंतर एक स्पेस, बाकी बहुतेक ठिकाणी काहीच नाही. आपली वरची ओळ मग

शहर ="बेळगाव"# जुने नाव

अशी बाहेर येते. ती चालते, पण तिच्याखालची संपूर्ण फाइल याच अवस्थेत असते. जुन्या आवृत्तीत मात्रांमुळे तुटलेली नावे असतील, तर ‘नाव’च्या न आणि काना यांच्यामध्ये स्पेस पडून कोड चालणेही बंद होते.

८. आकार जपायचाच असेल तर मूळ मजकुराला ठिगळ लावा

पाचव्या पायरीत ज्या फाइली तंतोतंत परत आल्या नाहीत, त्यांच्यासाठी आणि ओळी काढण्या-घालण्याच्या कामासाठी, टोकनांचा उपयोग फक्त जागा शोधण्यापुरता करावा. अनटोकनाइझला हातच लावू नये. कृती अशी :

अ) ज्या टोकनांचा मजकूर बदलायचा, त्यांचा आरंभ, शेवट आणि नवा मजकूर यांची यादी करा.

आ) मूळ बाइट त्याच एन्कोडिंगने मजकुरात आणून ओळी वेगळ्या करा. यासाठी ‘स्प्लिटलाइन्स’ वापरू नका. ते फॉर्मफीडसारख्या (नवे पान सुरू करण्याची खूण) इतरही काही चिन्हांवर ओळ तोडते आणि मग तुमचे ओळक्रमांक टोकनाइझच्या क्रमांकांशी जुळत नाहीत. फक्त न्यूलाइन चिन्हावर तोडा आणि बाकी सर्व जागच्या जागी राहू द्या.

इ) यादी उलट्या क्रमाने, म्हणजे फाइलीच्या शेवटाकडून आरंभाकडे लावा. पुढून सुरुवात केली तर पहिल्या बदलाने त्याच ओळीतील नंतरचे रकाने सरकतात. मागून आल्यास अजून न हाताळलेल्या भागाचे आकडे खरेच राहतात.

ई) प्रत्येक ठिकाणी आरंभापूर्वीचा भाग, नवा मजकूर आणि शेवटानंतरचा भाग जोडा. ओळीचा क्रमांक यादीत वापरताना त्यातून एक वजा करायला विसरू नका.

या पद्धतीत टॅब, बॅकस्लॅश, ओळींचे शेवट यांपैकी कशालाही धक्का लागत नाही, कारण ज्या अक्षरांना हात लावला नाही ती मूळचीच असतात. थोडा अधिक कोड लिहावा लागतो, तरी कार्यालयीन कामासाठी मी हीच पद्धत सुचवीन.

९. पडताळणी

तीन तपासण्या कराव्यात. पहिली, जुन्या व नव्या फाइलीचे टोकन पाडून प्रकार व मजकुराच्या जोड्या ओळीने ताडाव्यात. जितके बदल यादीत होते, तितक्याच जोड्या वेगळ्या निघाल्या पाहिजेत. दुसरी, एएसटी मॉड्यूलच्या ‘डंप’ने दोन्हींची रचना काढून फरक पाहावा, तो केवळ स्थिर मूल्यांत असावा. तिसरी, गिटमधील फरक स्वतः वाचावा. पहिल्या दोन तपासण्यांना मोकळ्या जागा दिसत नाहीत, तिसरीला दिसतात.

ताडताना मजकुराचे युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळे संकेतक्रम एकाच ठरावीक रूपात आणणे, करू नये. एकच दिसणारा शब्द दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिलेला असू शकतो आणि डेटाबेसशी जुळणी करताना नेमका तोच फरक आडवा येतो. यादीतील नावांत डोळ्यांना न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक शिरला आहे का, हेही पाहावे. अवतरणात तो निमूट बसून राहतो, तर व्हेरिएबलच्या नावात पायथॉन तो स्वीकारतच नाही.

१०. स्वतःचा स्कॅनर (टोकन पाडणारा प्रोग्राम) लिहीत असाल तर

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) सिस्टीम सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत अनेक वर्षे लेक्स व याक ही स्कॅनर व पार्सर (टोकनांची रचना ओळखणारा भाग) तयार करणारी साधने शिकवली गेली आहेत. तिथे पहिल्याच तासाला स्पेस, टॅब व न्यूलाइन ओळखून सोडून देणारा नियम लिहितात. कंपायलरसाठी तो योग्य आहे, पण ज्या क्षणी स्कॅनर ती जागा टाकून देतो, त्या क्षणी परतीची वाट बंद होते. अँटलर हे याच प्रकारचे साधन वापरत असाल तर ‘स्किप’ऐवजी मोकळी जागा व कमेंट हिडन चॅनेलवर (लपवलेल्या वेगळ्या प्रवाहात) पाठवावेत, पार्सरला ते दिसत नाहीत, पण टोकनांच्या ओघात शिल्लक राहतात आणि ‘टोकनस्ट्रीमरीरायटर’ हा वर्ग बदललेला मजकूर त्यांच्यासह परत देतो. डॉटनेटचा रोझलिन कंपायलर याहून पुढे जाऊन प्रत्येक टोकनाच्या मागची-पुढची जागा व कमेंट त्या टोकनालाच जोडून ठेवतो. स्वतःच्या प्रकल्पात मी हाच नमुना घ्यायला सांगेन.

जागा आधीच गमावली असेल, तर दोन टोकन चिकटवताना ते मिळून तिसरेच टोकन होत नाहीत ना, हे पाहावे लागते. सी भाषेत वजाबाकीच्या चिन्हापुढे ऋण संख्येचे चिन्ह बिनजागेचे आले, की दोन्ही मिळून एकने घटवण्याचे चिन्ह होते, कारण स्कॅनर नेहमी शक्य तितका लांब तुकडा उचलतो. जीसीसी या सी कंपायलरचा प्रीप्रोसेसरही (कंपाइल होण्याआधी मजकूर तयार करणारा भाग) याच कारणाने गरज पडेल तिथे स्वतःहून एक स्पेस घालतो. तुमच्या भाषेतील कोणत्या जोड्या अशा आहेत, याची यादी स्कॅनर लिहितानाच करा, आणि शंका असेल तिथे एक स्पेस घाला.